निर्णय घेतो कोण आणि किती लांबून? आयोवातील एका कॉन्झर्व्हेटिव्ह शेतकऱ्याच्या शेजारी

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. अमेरिकेच्या निवडणुकीवरील मागच्या चर्चेत दोघांतिघांनी विचारले होते की, ट्रम्प यांना मत देणारी माणसे रोज जगतात कशी आणि त्यांच्या मतांमागे नेमके काय असते. आम्ही २०११ पासून वायव्य आयोवातील एका लहान गावात राहतो. आमच्या कुंपणापलीकडे ज्यांचा मका सुरू होतो, त्या शेजाऱ्यांविषयी मला लिहायचे आहे. त्यांचे नाव देत नाही. माझी मुलगी त्यांना आजोबा म्हणते, म्हणून येथेही आजोबाच म्हणते.

आधी एका शब्दाविषयी. मराठीत 'पुराणमतवादी' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात निकाल लागून जातो. त्यामुळे तो शब्द मी टाळला आहे आणि ते स्वतःला जे म्हणवतात तेच, म्हणजे 'कॉन्झर्व्हेटिव्ह', येथे वापरले आहे.

आजोबा ७१ वर्षांचे आहेत. मका आणि सोयाबीन मिळून सुमारे ९०० एकर ते पाहतात. त्यातील निम्मी जमीन स्वतःची आणि निम्मी खंडाने घेतलेली आहे. त्यांचे पूर्वज नेदरलँड्समधून आले होते. १८७० मध्ये डच कुटुंबांनी या भागात ऑरेंज सिटी हे गाव वसवले, त्या वस्तीचाच हा विस्तार आहे. पहाटे पाचला त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा लागतो. सहानंतर ते धान्याच्या सहकारी सोसायटीत जातात. तिथे एलिव्हेटरखालच्या (धान्य साठवण्याच्या उंच कोठाराखालच्या) छोट्या कचेरीत सहा-सात जण कॉफी पीत बाजारभाव, पाऊस आणि कोणाच्या घरी कोण आजारी आहे, याच तीन विषयांवर बोलत असतात. दुपारी बाराला घरचे जेवण असते, आधी प्रार्थना होते आणि मग रेडिओवर शिकागोच्या धान्यबाजाराचे भाव लागतात. रविवारी सकाळी चर्च, अनेकदा संध्याकाळीही चर्च, आणि मधल्या वेळात कोणतेही काम नाही.

आमच्या पहिल्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याने रविवारी दुपारी गवत कापायचे यंत्र बाहेर काढले. त्या दिवशी कोणी काही बोलले नाही. सोमवारी संध्याकाळी आजोबा टोमॅटोची टोपली घेऊन आले, अर्धा तास इकडचे तिकडचे बोलले आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "इथे रविवारी आवाज नसतो. तुमच्यावर सक्ती नाही, पण तुम्हाला हे कोणी सांगितले नसेल असे मला वाटले." त्यानंतर आम्ही शनिवारीच गवत कापू लागलो. ही माणसे नियम कसे पाळतात आणि पाळायला कसे सांगतात, हे मला त्या एका वाक्यातून जितके कळले तितके वर्तमानपत्रांतील लेखांतून कळले नव्हते.

दुसरा प्रसंग २०१९ च्या ऑक्टोबरमधील आहे. गावातील एक शेतकरी हृदयविकाराने अचानक गेले आणि त्यांचे सगळे पीक शेतात उभे होते. पुढच्या शनिवारी सकाळी त्यांच्या बांधावर अकरा कम्बाइन (कापणी-मळणीची यंत्रे) येऊन उभे राहिले. कोणीही कोणाला लेखी काही कळवले नव्हते. चर्चच्या बायकांनी हॅमचे सँडविच, बटाट्याचे सॅलड आणि कॉफीचे मोठे थर्मास आणले होते. चारशे एकर मका दिवे लागायच्या आत कापून झाला. मी आणि माझी मुलगी कागदी ताटल्या वाटत होतो. कराडजवळच्या आमच्या गावात याला इर्जिक म्हणत. माझ्या आजोबांच्या तोंडी तो शब्द मी लहानपणी ऐकला होता, पण आख्ख्या गावाची इर्जिक डोळ्यांनी पाहिली ती इथे.

आता राजकारणाकडे येते. गेल्या १४ वर्षांत आजोबांशी माझे बोलणे शेकडो वेळा झाले आहे आणि माझे मत असे बनले आहे की, त्यांच्या बहुतेक मतांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : हा निर्णय कोण घेतो आहे, आणि तो माझ्यापासून किती लांब बसला आहे? कुटुंब, चर्च, शाळेचे मंडळ, काउंटी (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग), राज्य आणि शेवटी वॉशिंग्टन असा त्यांच्या विश्वासाचा उतरता क्रम आहे. कर कमी असावेत, शस्त्र बाळगण्याचा हक्क राहावा, मुलांच्या शाळेची निवड आईवडिलांनी करावी, ही मते वेगवेगळी वाटतात. पण त्यांच्या तोंडून ऐकताना ती एकाच झाडाच्या फांद्यांसारखी ऐकू येतात.

या अविश्वासाला इतिहासही आहे. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर जानेवारी १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सोव्हिएत संघाला धान्य विकण्यावर निर्बंध घातले. व्याजदर त्या वेळी आकाशाला भिडले होते. त्या वर्षाच्या अखेरीस बँकांचा मूळ कर्जदर २१ टक्क्यांवर गेला होता. सत्तरच्या दशकात 'आणखी पेरा, आणखी जमीन घ्या' असा सल्ला ऐकून ज्यांनी कर्जे काढली होती, ते सगळे एकदम अडकले. १९८१ ते १९८६ या काळात आयोवातील शेतजमिनीची किंमत साठ टक्क्यांहून अधिक घसरली. आजोबांच्या वडिलांची २४० एकर जमीन १९८५ मध्ये लिलावात गेली. वडिलांची त्या वर्षीची हिशेबाची वही त्यांनी जपून ठेवली आहे. हिरव्या कापडी पुठ्ठ्याच्या त्या वहीत मार्च महिन्याच्या पानावर पेन्सिलीने व्याजाचा आकडा लिहिलेला आहे, त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत आणि पुढची सगळी पाने कोरी आहेत. ते पान पाहिल्यावर मला आमच्याकडच्या सातबारावरील बोजाची आठवण झाली.

गर्भपाताचा प्रश्न मात्र या सूत्रात बसत नाही. तो त्यांच्यासाठी श्रद्धेचा आहे आणि तेही तसेच सांगतात. २०२२ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न राज्यांकडे सोपवला आणि जुलै २०२४ पासून आयोवात साधारण सहा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर, काही अपवाद सोडून, बंदी आली. मला हा कायदा मान्य नाही. एक स्त्री म्हणून आणि एका मुलीची आई म्हणून मी त्यांना ते स्पष्ट सांगितले आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. दोघांचीही मते जिथे होती तिथेच राहिली.

प्रश्न जरूर विचारा. मला माहीत असेल तेवढे सांगेन.

हडसनकाठी

लेख मनापासून आवडला, तरीही एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. सरकारने लांब राहावे असे म्हणणारे हे शेतकरी त्याच सरकारच्या पैशावर उभे आहेत. पीकविम्याच्या हप्त्यातील सरासरी सुमारे ६० टक्के वाटा केंद्र सरकार भरते. पेट्रोलमध्ये जैवइंधन मिसळण्याची सक्ती २००५ च्या कायद्याने झाली आणि २००७ मध्ये ती वाढवली गेली. तिच्यामुळेच आयोवाच्या मक्याला एवढा मोठा गिऱ्हाईक मिळाला. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी चिनी मालावर शुल्क लावले, चीनने उलट अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावले, आणि मग शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर झाली. न्यू जर्सीत आमच्यासारखे नोकरदार जो कर भरतात, त्यातलाच हा पैसा आहे. आजोबांना कृपया एवढे विचारा : पीकविम्याचे अनुदान उद्या बंद झाले तर त्यांना चालेल काय?

रानवाट

मी तासगाव तालुक्यात द्राक्षे आणि थोडे सोयाबीन करतो. राजकारणापेक्षा मला हे जाणून घ्यायचे आहे की, तिथे हमीभाव असतो का, आणि माल विकायचा की ठेवायचा हे कोण ठरवते.

कृष्णाकाठ

रानवाट, आपल्यासारखी हमीभावाची सरकारी खरेदी इथे नाही. भाव शिकागोच्या वायदेबाजारावर ठरतो आणि स्थानिक एलिव्हेटर त्यातून वाहतुकीचा वगैरे फरक वजा करून आपला दर लावतो. बहुतेकांच्या शेतावर स्वतःच्या कोठ्या आहेत, त्यामुळे काढणीच्या दिवसांत भाव पडलेला असला तर माल थांबवता येतो. आजोबा पेरणीच्या आधीच अपेक्षित उत्पन्नाचा एक तृतीयांश माल पुढच्या तारखेच्या भावाने विकून टाकतात, एक तृतीयांश काढणीला विकतात आणि उरलेला कोठीत ठेवतात. ही पद्धत त्यांनी १९८५ नंतर बांधून घेतली आहे.

हडसनकाठी, तुमचा प्रश्न रास्त आहे. तो मी तुमच्याच शब्दांत त्यांना विचारेन आणि उत्तर येथे लिहीन.

डोंगरकडा

मी टेक्सासमध्ये राहतो आणि माझी स्वतःची मते बरीचशी या आजोबांसारखी आहेत. मराठी मंडळांत हे उघडपणे बोलणे अवघड जाते, म्हणून येथे लिहितो. आपल्याकडे असे धरून चालतात की कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे बाहेरून आलेल्यांचा द्वेष करणारा. तुमच्या गावात तुम्हाला तसा अनुभव आला का? वायव्य आयोवातील मांस कारखाने बाहेरून आलेल्या कामगारांवर चालतात, असे ऐकले आहे. हे तुमच्या शेजाऱ्यांना कसे चालते?

कृष्णाकाठ

ऐकले ते खरे आहे. आयोवात माणसे सुमारे ३२ लाख आणि डुकरे दोन कोटींहून अधिक आहेत; ती कापण्याचे काम करायला स्थानिक मुले तयार होत नाहीत. स्टॉर्म लेक, डेनिसन आणि सू सेंटर या गावांतील शाळांमध्ये स्पॅनिश बोलणारी मुले आता मोठ्या संख्येने दिसतात. आजोबांच्या चर्चमध्ये ग्वातेमालाची तीन कुटुंबे आहेत आणि त्यांपैकी एकाचे घर रंगवायला आजोबा स्वतः शिडीवर चढले होते. तरीही सीमा बंद असावी आणि बेकायदा आलेल्यांना परत पाठवावे, असे ते ठामपणे म्हणतात. 'मग या कुटुंबाचे काय?' असे विचारल्यावर ते म्हणाले, "यांना मी ओळखतो." मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. कायदा ओळखीच्या माणसाला एक आणि अनोळखी माणसाला दुसरा असू शकत नाही, हे मी त्यांना सांगितले, आणि त्यांनी ते नाकारले नाही.

आमच्या बाबतीत झाले ते सांगते. 'रांगेत उभे राहून कायदेशीर मार्गाने या' असे ते नेहमी म्हणत. एका संध्याकाळी मी त्यांना सांगितले की आम्ही २०१४ पासून त्या रांगेतच आहोत. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांपैकी कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्केच येतात, त्यामुळे भारतीयांना दहा वर्षांहून अधिक काळ रांगेत थांबावे लागते, आणि आमची मुलगी २१ वर्षांची होईपर्यंत कार्ड मिळाले नाही तर तिला आमच्या अर्जातून बाहेर पडावे लागू शकते. त्यांचा विश्वासच बसेना. त्यांनी सगळी कागदपत्रे पाहायला मागितली, चष्मा लावून एकेक तारीख वाचली आणि दुसऱ्या दिवशी सेनेटरच्या कचेरीला हाताने पत्र लिहिले. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. मात्र त्यानंतर 'रांगेत या' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलेले नाही.

मांडवी

मी मडगावची असून आमचे कुटुंब कॅथलिक आहे. चर्च हे केवळ प्रार्थनेचे ठिकाण नसून गावाचे चुलते-मामे सगळे तिथेच भेटतात, हे मला परके वाटले नाही. परंतु शाळा आणि पुस्तके यांविषयी तिकडे जे वाद चालू आहेत, त्यांबद्दल तुमच्या शेजाऱ्यांचे मत काय आहे?

कृष्णाकाठ

मांडवी, हा विषय माझ्या फार जवळचा आहे, कारण मी गावाच्या सार्वजनिक वाचनालयात काम करते.

२०२३ मध्ये राज्याने दोन मोठे कायदे केले. जानेवारीतील कायद्याने खासगी शाळेत जाणाऱ्या मुलामागे वर्षाला सुमारे ७,६०० डॉलर सरकार देऊ लागले. आजोबांची नातवंडे ख्रिस्ती शाळेत आहेत आणि या कायद्याने त्यांना मोठा आनंद झाला. 'आम्ही सरकारी शाळेसाठी कर भरत होतो आणि वर स्वतःच्या शाळेची फी भरत होतो' हे त्यांचे म्हणणे मला समजते. तरी ज्या खेड्यांत खासगी शाळाच नाही, तेथील मुलांच्या वाट्याला यातून काय आले, हा माझा प्रश्न अजून कायम आहे.

त्याच वर्षी मे महिन्यात दुसरा कायदा झाला आणि लैंगिक कृतींचे वर्णन असलेली पुस्तके सरकारी शाळांच्या ग्रंथालयांतून काढावीत, असा आदेश निघाला. त्यावर न्यायालयात पुढे बरेच खटले चालले. आमचे वाचनालय त्या कायद्याखाली येत नाही, पण शाळेच्या ग्रंथपाल माझ्या मैत्रीण आहेत आणि एका संध्याकाळी खोकी भरायला मी त्यांच्याबरोबर होते. कोणते पुस्तक काढायचे याची यादी कोणीच दिली नव्हती. चूक झाली तर नोकरीवर बेतेल या भीतीने त्या जरा शंका आली तरी पुस्तक खोक्यात टाकत होत्या. मी आजोबांना त्यांच्याच सूत्राने विचारले : आपल्या शाळेचे मंडळ आपणच निवडून दिले आहे, त्यातील दोघे तुमच्या चर्चचे आहेत, मग आपल्या ग्रंथालयात काय असावे हे राज्याच्या राजधानीत, डे मॉइनमध्ये बसलेल्यांनी का ठरवावे? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की कायद्याचा हेतू त्यांना मान्य आहे, पण हा निर्णय मंडळाकडेच राहायला हवा होता. मी त्यांच्याकडून एवढीच अपेक्षा केली होती, आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे पूर्ण केली.

रानवाट

भूसंपादनाचा काही अनुभव तिकडे आहे का? आमच्याकडे महामार्गाची मोजणी आली की गावात झोप उडते.

कृष्णाकाठ

आहे, आणि सध्या त्यावरूनच इथला रिपब्लिकन पक्ष आतून दुभंगला आहे. इथेनॉल कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड नळाने नॉर्थ डकोटात नेऊन जमिनीखाली साठवायचा, असा एका खासगी कंपनीचा प्रकल्प आहे. जून २०२४ मध्ये राज्याच्या नियामक मंडळाने त्याला परवानगी दिली आणि जे शेतकरी राजी नाहीत त्यांच्या जमिनीतूनही सक्तीने नळ नेण्याचा अधिकार कंपनीला मिळाला. प्रस्तावित मार्ग आजोबांच्या ८० एकरांच्या तुकड्यातून जातो. जमिनीखाली निचऱ्यासाठी त्यांच्या वडिलांनी मातीचे नळ घातलेले आहेत. एकदा ती रचना फुटली की पाणी कुठे तुंबेल हे सांगता येत नाही. मोजणी करणारे आले तेव्हा आजोबा फाटकात उभे राहिले आणि न्यायालयाचा कागद दाखवल्याशिवाय आत येऊ देणार नाही, असे त्यांनी सांगितले. आवाज चढवला नाही, पण त्यांच्या हातातील टोपी थरथरत होती.

त्यानंतर सत्तर वर्षांच्या या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक धरला, आणि त्यांच्या शेजारी डे मॉइन नदीकाठचा एक पर्यावरणवादी तरुण उभा होता. विधिमंडळाने २०२५ मध्ये अशा सक्तीला आळा घालणारे विधेयक मंजूर केले, पण गव्हर्नर किम रेनॉल्ड्स यांनी जूनमध्ये त्यावर नकाराधिकार वापरला. शेजारच्या साउथ डकोटाने मात्र त्याच वर्षी मार्चमध्ये अशा नळांसाठी सक्तीचे संपादन बंद करून टाकले होते. आजोबांनी रेनॉल्ड्स यांना दोनदा मत दिले होते. नकाराधिकाराची बातमी आली त्या संध्याकाळी त्यांनी अंगणातला पक्षाचा जुना फलक उपटून गोठ्यामागे नेऊन ठेवला.

डोंगरकडा

म्हणजे ते आता डेमोक्रॅट पक्षाकडे जातील काय?

कृष्णाकाठ

नाही. गर्भपाताच्या प्रश्नावर ते शक्य नाही, असे त्यांनीच सांगितले. १५ जानेवारी २०२४ च्या कॉकसला (पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी गावोगावी होणाऱ्या सभेला) मी प्रेक्षक म्हणून त्यांच्याबरोबर शाळेच्या जिमखान्यात गेले होते. बाहेर पारा शून्य फॅरनहाइटच्या खाली होता. आत घडीच्या खुर्च्यांवर लोक बसले होते, उमेदवारांच्या बाजूने गावातलेच लोक दोन-दोन मिनिटे बोलले, कोऱ्या चिठ्ठ्यांवर नावे लिहून ती एका डब्यात टाकली गेली आणि सगळ्यांसमोर मोजली गेली. राज्यात ट्रम्प यांना ५१ टक्के मते पडली. आजोबांनी त्या दिवशी दुसऱ्या उमेदवाराचे नाव लिहिले होते, कारण ट्रम्प यांचे बोलणे त्यांना नातवंडांसमोर ऐकवत नाही; पण नोव्हेंबरमध्ये त्यांनी ट्रम्प यांनाच मत दिले. ओबामांना २००८ आणि २०१२ मध्ये कौल देणाऱ्या ३१ काउंटी २०१६ मध्ये या राज्यात ट्रम्प यांच्याकडे गेल्या. तेथील लोकांची कारणे वेगळी असतील. मी फक्त माझ्या शेजाऱ्यांविषयी खात्रीने सांगू शकते.

हडसनकाठी

माझ्या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहतो आहे.

कृष्णाकाठ

काल रविवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून विचारले. हडसनकाठी, तुमचा प्रश्न मी शब्दशः मांडला आणि तो न्यू जर्सीतील एका करदात्याचा आहे हेही सांगितले.

आजोबा म्हणाले, "त्यांचे खरे आहे. हे पैसे घेताना मला बरे वाटत नाही. बंद करायचे असेल तर सगळ्यांचे एकाच दिवशी बंद करा. माझे बंद केले आणि माझ्या शेजाऱ्याचे चालू ठेवले, तर खंडाची जमीन दोन वर्षांत त्याच्याकडे जाईल." २०२५ च्या शरद ऋतूत चीनने अमेरिकी सोयाबीन घेणे जवळजवळ थांबवले, तेव्हाही त्यांचे म्हणणे हेच होते की मदत नको, गिऱ्हाईक द्या.

आजी तोवर कॉफी ओतत होत्या. त्या तीस वर्षे काउंटीच्या रुग्णालयात परिचारिका होत्या. त्यांनी किटली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "१९८५ नंतर हे घर तुझ्या मक्यावर चालले नाही. माझ्या पगारावर आणि माझ्या नोकरीच्या आरोग्यविम्यावर चालले. आणि ते रुग्णालय चालते वॉशिंग्टनच्या पैशावर." जुलै २०२५ च्या कायद्याने मेडिकेडच्या (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) खर्चात मोठी कपात होणार आहे, रुग्णालयाचा प्रसूती विभाग टिकेल की नाही याची त्यांना काळजी आहे, आणि गुरुवारी काउंटीच्या बैठकीत त्या यावर बोलणार आहेत.

आजोबांनी वाद घातला नाही. बैठक किती वाजता आहे एवढे विचारले, आणि भिंतीवरच्या सोसायटीच्या कॅलेंडरवर गुरुवारच्या चौकोनात पेन्सिलीने '७' असे लिहून ठेवले.